मिरेया मायोर

मिरेया मायोर (जन्म : १९७३) या अमेरिकन वन्यजीवशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ व दूरचित्रवाणीवरील शोधप्रवासी आहेत. मादागास्करमधील लेमूर हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. मूषक लेमूरांच्या एका नव्या जातीच्या शोधात त्यांचा सहभाग होता. नॅशनल जिओग्राफिकच्या 'अल्टिमेट एक्सप्लोरर' या मालिकेच्या त्या पहिल्या महिला वन्यजीव वार्ताहर होत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

मायोर यांचा जन्म अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मायामी येथे, क्यूबातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. आई, मावशी व आजी यांनी त्यांना वाढवले. घरातील शिस्त इतकी कडक होती की, धोका नको म्हणून त्यांना बालवीर पथकातही जाऊ दिले गेले नाही, असे त्यांनी सांगितले आहे.

मायामी विद्यापीठात शिकत असताना त्या 'मायामी डॉल्फिन्स' या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर होत्या. सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला नृत्य करून प्रेक्षकांचा उत्साह वाढवणाऱ्यांना चीअरलीडर म्हणतात. याच काळात मानवशास्त्राच्या एका अभ्यासक्रमातून त्यांना नरवानर गणातील प्राण्यांची ओळख झाली. यांतील कित्येक प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर असूनही त्यांच्याविषयी फारसे संशोधन झालेले नाही, हे कळल्यावर त्यांच्या अभ्यासाची दिशा बदलली. दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या अरण्यात पांढऱ्या तोंडाच्या साकी माकडांचा शोध घेण्यासाठी त्यांनी पहिली मोहीम केली. पुढे न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठातून त्यांनी मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

मादागास्करमधील संशोधन

आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट कोट्यवधी वर्षे इतर भूभागांपासून अलग राहिले. त्यामुळे तेथील प्राणिसृष्टी स्वतंत्रपणे विकसित झाली. लेमूर नैसर्गिक स्थितीत याच बेटावर आढळतात. जंगल तोडून व जाळून भाताची शेती करण्याची 'तावी' ही पारंपरिक पद्धत, कोळशासाठी होणारी तोड आणि शिकार यांमुळे त्यांचे अधिवास झपाट्याने कमी झाले आहेत.

मायोर यांनी प्रथम सिफाका या मोठ्या लेमूरांवर लक्ष केंद्रित केले. बेटाच्या उत्तर टोकाच्या कोरड्या जंगलातील काळा पेरिए सिफाका हा अत्यंत दुर्मीळ प्राणी त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सिफाकांचे नाते आनुवंशिक पुराव्यांच्या आधारे तपासणारा त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅट्रिशिया राइट व एडवर्ड लुईस हे त्याचे सहलेखक होते. पूर्वी उपजाती मानल्या गेलेल्या काही सिफाकांना स्वतंत्र जाती मानावे, असे या निबंधात सुचवले होते. हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. संरक्षणाचे नियोजन बहुधा जातिनिहाय होते. वेगळी जात म्हणून नोंद नसलेला प्राणी मोठ्या गटात गणला जातो आणि त्याची घटती संख्या नजरेआड राहते.

मूषक लेमूराचा शोध

मूषक लेमूर हे नरवानर गणातील सर्वांत लहान प्राणी. ते निशाचर असून दिसायला एकमेकांसारखे असतात. त्यामुळे दीर्घकाळ त्यांच्या दोनच जाती मानल्या जात होत्या. डीएनए तपासणी रूढ झाल्यावर ही संख्या वीसच्या पुढे गेली.

२००० च्या सुमारास ईशान्य मादागास्करमधील पर्जन्यवनात मायोर व त्यांच्या सहकाऱ्यांना ५० ग्रॅमहूनही कमी वजनाचे मूषक लेमूर सापडले. ते वेगळे असल्याची शंका तेथेच आली, तरी जात सिद्ध होण्यास काही वर्षे लागली. पकडलेल्या लेमूरांची मापे घेऊन, ऊतींचे सूक्ष्म नमुने काढून त्यांना पुन्हा जंगलात सोडण्यात आले. त्यानंतर प्रयोगशाळेत तंतुकणिकीय डीएनएची इतर ठिकाणच्या लेमूरांशी तुलना झाली. २००६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. प्राइमेटतज्ज्ञ रसेल मिटरमायर यांच्या सन्मानार्थ तिला 'मायक्रोसीबस मिटरमायराय' हे नाव देण्यात आले.

प्रसारमाध्यमांत हा शोध बहुधा एकट्या मायोर यांच्या नावावर सांगितला जातो. मूळ शोधनिबंधाचे मात्र आठ लेखक आहेत. एडवर्ड लुईस हे प्रमुख लेखक असून आंद्रियानतोम्पोहावाना व झाओनारिवेलो या मालागासी संशोधकांचाही त्यांत समावेश आहे. रात्रीच्या जंगलात इतका लहान प्राणी हुडकणे हे स्थानिक जाणकारांच्या साहाय्याविना शक्य होत नाही.

दूरचित्रवाणी व लेखन

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मायोर नॅशनल जिओग्राफिकसाठी काम करू लागल्या. मध्य आफ्रिकेतील गोरिला, समुद्रातील हम्बोल्ट स्क्विड यांसारख्या प्राण्यांवरील कार्यक्रमांसाठी त्यांनी प्रत्यक्ष जंगलात व पाण्याखाली चित्रीकरण केले. या कामासाठी त्यांना एमी पुरस्काराची दोन नामांकने मिळाली. १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या स्टॅन्ली यांच्या मार्गाने टांझानियात प्रवास करणाऱ्या 'एक्स्पेडिशन आफ्रिका' (२००९) या मालिकेतील चार शोधप्रवाशांत त्या एकमेव महिला होत्या.

'पिंक बूट्स अँड अ मशेटी' हे त्यांचे आत्मकथन २०११ मध्ये प्रकाशित झाले. त्याची प्रस्तावना जेन गुडॉल यांची आहे. गुलाबी बूट व जंगलवाट मोकळी करणारा कोयता या शीर्षकातील दोन वस्तूंतून, स्त्रीसुलभ आवडीनिवडी जपूनही क्षेत्रीय संशोधन करता येते, हा त्यांचा आग्रह व्यक्त होतो. पुढे त्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात विज्ञानसंवादाच्या उपक्रमाच्या संचालक झाल्या.

मूल्यमापन

चीअरलीडर असल्याची पार्श्वभूमी व पडद्यावरील प्रसिद्धी यांमुळे आपल्याकडे गंभीर वैज्ञानिक म्हणून पाहिले गेले नाही, असा अनुभव मायोर यांनी नोंदवला आहे. त्यांच्या नावावरील शोधनिबंध या शंकेला पुरेसे उत्तर देतात. मात्र २०१९ पासूनच्या 'एक्स्पेडिशन बिगफूट' या मालिकेतील त्यांचा सहभाग निराळा प्रश्न उपस्थित करतो. उत्तर अमेरिकेच्या जंगलात राहणारा बिगफूट हा महाकाय वानरसदृश प्राणी लोककथांतून प्रसिद्ध आहे. त्याच्या अस्तित्वाचा ग्राह्य पुरावा विज्ञानाला मिळालेला नाही. मूषक लेमूराच्या बाबतीत प्राणी हाती असूनही जात मान्य होण्यास मापे, डीएनए आणि काही वर्षांचा कालावधी लागला. पुराव्याची ही कसोटी त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यालाही लागू होते. दुसरीकडे, शोधपत्रिका न वाचणाऱ्या असंख्य प्रेक्षकांपर्यंत दुर्मीळ प्राण्यांचे अस्तित्व व त्यांच्यावरील संकट पोहोचवण्याचे काम याच माध्यमातून झाले आहे.