बधिरत्व आणि वेग

१९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ या बोलपटात नादियाची धाडसे पाहून मुंबईचे प्रेक्षक थक्क झाले. स्त्रीने असली कामे स्वतः करावीत, हेच तेव्हा नवल होते. मग अशी स्त्री ठार बहिरी असेल तर? अमेरिकेतील किटी ओनील यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. त्यांच्या वाटेतील खरा अडसर कोणता, याविषयीची आपली सहज समजूत त्यामुळे बदलते.

ओनीलबाईंचा जन्म २४ मार्च १९४६ रोजी टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे झाला. अवघ्या पाच महिन्यांच्या असताना गोवर, गालगुंड आदी रोगांनी एकाच वेळी गाठले आणि तीव्र ज्वरात त्यांची श्रवणशक्ती गेली. जन्मबधिर मूल पूर्वी बहुधा मुके राही, ते वाचेच्या दोषामुळे नव्हे. जो ध्वनी कानी पडत नाही त्याचे अनुकरण घडत नाही, म्हणून. आईने हे जाणून कन्येला ओठांच्या हालचाली वाचावयास व बोलावयास शिकविले. पुढे तिने इतर बधिर मुलांसाठीही शाळा काढण्यास हातभार लावला.

किटीला पाण्यात सूर मारण्याचे वेड होते. ऑलिंपिक विजेते सॅमी ली हे तिचे गुरू. तथापि १९६४ च्या ऑलिंपिक निवडीच्या सुमारास मनगट मोडले, त्यात मेंदूच्या आवरणाचा दाह झाला आणि ती आशा मावळली. मग बाई वेगवान वाहनांकडे वळल्या. १९७६ मध्ये ‘स्टंट्स अनलिमिटेड’ या धाडसी नटांच्या संस्थेत प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला, ऑरेगॉनमधील अल्व्हर्डच्या वाळवंटात, त्यांनी ‘मोटिव्हेटर’ ही तीनचाकी अग्निबाणगाडी हाकली. तिचे इंधन हायड्रोजन पेरॉक्साइड. योग्य उत्प्रेरकाशी संयोग होताच या द्रवाची क्षणार्धात वाफ व प्राणवायू होतो. तो झोत मागे सुटला की प्रतिक्रियेने गाडी पुढे झेपावते. वाऱ्याचा लाभ मिळू नये म्हणून दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरतात. ती भरली ताशी ५१२.७१ मैल, म्हणजे सुमारे ८२५ किलोमीटर. नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. या वेगाने ते अंतर पंचवीस मिनिटांच्या आत संपेल! स्त्रियांचा आधीचा विक्रम ताशी ३०८ मैलांचा होता. बहिरेपणामुळे चित्त एकाग्र होण्यास साहाय्यच होते, असे बाई म्हणत.

पुरुषांचा विक्रम, गॅरी गॅबेलिच यांचा १९७० सालचा ६२२ मैलांचा, आता दृष्टीच्या टप्प्यात होता. परंतु करारान्वये बाईंना केवळ स्त्रियांचा विक्रम करण्याची मुभा होती. पुरुषांचा विक्रम मोडण्याचा मान हॅल नीडहॅम यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. बाईंना गाडीतून उतरविण्यात आले. नीडहॅम यांच्या हातूनही तो विक्रम झाला नाही.

ओनीलबाई २ नोव्हेंबर २०१८ रोजी निवर्तल्या. पुढील वर्षी, २७ ऑगस्ट २०१९ रोजी, जेसी कोंब्स यांनी त्याच वाळवंटात ५२२.७८३ मैलांचा वेग गाठला, मात्र त्याच प्रयत्नात त्यांचा प्राण गेला.

गेलेली श्रवणशक्ती परत आली नाही, तरी मातेच्या शिकवणीने तिच्यावर मात करता आली. करारातील अट मात्र माणसांनी लिहिली होती, आणि ती माणसांनाच खोडता आली असती.