गाईडशी जमवून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे

कर्जत तालुक्यातले अनेक जण शिकवण्याची नोकरी सांभाळून पीएच.डी. करतात. सुट्टी टाकायची, नगरची नाहीतर पुण्याची एसटी धरायची आणि सरांची वेळ मिळेल ती पदरात पाडून घ्यायची. अशा धावपळीत ऐकीव सल्ले फार घात करतात.

त्यातला सर्वांत रुजलेला सल्ला म्हणजे, ‘गाईडच्या शब्दाबाहेर जायचं नाही.’ पण याच्या उलट एक उदाहरण पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. तेव्हाच्या चलनपद्धतीवर आंबेडकरांनी कडाडून टीका केली आणि तिची बाजू घेणाऱ्या अर्थतज्ज्ञ केन्सलाही आव्हान दिलं. परीक्षकांनी प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला. आंबेडकरांनी तो पुन्हा सादर केला आणि 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी पुस्तकरूपात निघालेल्या या प्रबंधाला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली. आपल्याला यातले बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत, हे तिथे उघड नोंदवून त्यांनी विचारांच्या ताजेपणाला मनापासून दाद दिली. मला हे नातं आदर्श वाटतं. मतभेद दोघांनी लपवला नाही आणि कामही अडलं नाही.

अर्थात मतभेदाला पुरावा लागतो. समजा, रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटांवर काम चालू आहे आणि सरांना उन्हाळ्यातली गणना पुरेशी वाटते. तिथे ‘मला पटत नाही’ म्हणून भागत नाही. पावसाळ्यातल्या नोंदींचा तक्ता समोर ठेवावा लागतो.

‘प्रकरण पक्कं झाल्याशिवाय दाखवू नये,’ हा दुसरा समज. यात वर्ष वाया जातं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावीच लागते. चुकीची दिशा तिथे सर्वांसमोर कळण्यापेक्षा गाईडच्या टेबलावर कच्च्या दहा पानांत कळलेली बरी.

‘चर्चा झाली, म्हणजे ठरलं,’ असंही धरून चालू नका. गाईडकडे इतरही विद्यार्थी असतात. नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे परतीच्या एसटीतच मेल टाकावा: ‘सर, आज ठरलं ते असं: प्रश्नावलीतला सातवा प्रश्न वगळायचा, दुसरं प्रकरण 20 तारखेपर्यंत द्यायचं. काही राहिलं असल्यास कळवावे.’ पुढच्या भेटीला हाच मेल उघडायचा. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

गाईडची घरची कामं करणं हा पीएच.डी.चा भाग नाही. आदर वेगळा, राबवणूक वेगळी. नातं अगदीच बिघडलं तर आधी विभागप्रमुखांशी किंवा संशोधन केंद्राशी बोलावं. मार्गदर्शक बदलण्याची तरतूद विद्यापीठाच्या नियमांत असते. लग्नामुळे गाव बदललेल्या विद्यार्थिनीला अटी पाळून आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं, हे तर फार थोड्या मुलींना कोणी सांगतं.

आणि गाईड निवडताना केवळ मोठं नाव बघू नका. निवृत्तीला किती वर्षं उरलीत, हेही संकोच न करता विचारा. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या शिक्षकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आधी नोंदवलेल्यांना मात्र निवृत्तीनंतरही सहमार्गदर्शक म्हणून, वयाच्या सत्तरीपर्यंत, त्यांची साथ मिळू शकते.