आईच्या खाटेशेजारी बाळाची खाट

"लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. जावयांनी खाटेला लावायचा नव्या पद्धतीचा पाळणा मागवून आमच्या पत्त्यावर पाठवला आहे. त्याची एक बाजू उघडीच राहते. आमच्या घरात तिन्ही मुले झोळीत वाढली. हा पाळणा वापरावा की झोळीच बांधावी? जावयांना नाही म्हणायचीही पंचाईत आहे." असे पत्र एका वाचक भगिनीने पाठवले आहे. दवाखान्यातही हा प्रश्न अलीकडे वरचेवर विचारला जातो, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहिते.

हा पाळणा म्हणजे चार पायांची छोटी खाट. तीन बाजूंना जाळी किंवा लाकडी कठडा असतो आणि चौथी बाजू खाली उतरवून तो आईच्या पलंगाला चिकटवून बांधायचा. आईने हात लांब केला की बाळ हाताशी येते, आणि तरी त्याची गादी वेगळी राहते. पाश्चात्त्य देशांत बाळाला दुसऱ्या खोलीत एकटे झोपवण्याची चाल होती. तिथले बालरोगतज्ज्ञ आता ती सोडा म्हणतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारून दिलेल्या सूचनांत निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या अंथरुणाजवळ, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे असे म्हटले आहे. यातले पहिले अर्धे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते. 'स्वतंत्र अंथरूण' हे दुसरे अर्धे मात्र आपल्याकडे सहसा पाळले जात नाही.

धडधाकट, अंगावर पिणारे तान्हे बाळ रात्री झोपले आणि सकाळी उठलेच नाही, अशा घटना जगात सगळीकडे घडतात. बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात अधिक. आपल्याकडे असे झाले की 'दूध छातीत गेले' म्हणतात, नाहीतर 'आईच्या अंगाखाली आले' म्हणतात आणि त्या बिचारीच्या कपाळी जन्माचा ठपका बसतो. सगळ्याच मृत्यूंचे कारण सापडते असे नाही. पण कशाने धोका वाढतो हे पुष्कळसे कळले आहे. पश्चिमेकडे कित्येक वर्षे बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला दिला जाई. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्यावर आले. ना औषध, ना लस. फक्त बाळाला उताणे निजवले.

उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनळीत जाईल, ही भीती प्रत्येक आजी बोलून दाखवते. प्रत्यक्षात उताणे झोपल्यावर श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. वर आलेले दूध उताराने खालच्या बाजूला राहते. बाळ पालथे असले की हेच उलट होते. कुशीवर झोपवून दोन्हीकडे लोड लावणेही बरे नाही. कुशीवरचे बाळ केव्हा पालथे होईल सांगता येत नाही आणि तोंडाशी लोड असतोच. डोके मागून चपटे होईल ही दुसरी काळजी. त्यासाठी बाळ जागे असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवावे, आणि झोपवताना डोक्याची बाजू आलटून पालटून बदलावी.

आता झोळीचे. झोळीत बाळ पटकन झोपते आणि घरातल्या बाईचे हात मोकळे होतात. एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने भाजी निवडणे हे झोळीमुळेच जमते, तेव्हा तिला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. पण झोळीत बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते. नवजात बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड, मागे फुगीर; मानेत बळ नाही. पाठ वाकली की हनुवटी छातीवर टेकते आणि आधीच अरुंद असलेला श्वासाचा मार्ग मुडपतो. रबरी नळी मुडपली की पाणी थांबते, तसेच. बाळ रडत नाही, धडपडतही नाही, गप्प होते. 'छान झोपलंय' असे वाटून आपण त्याच्याकडे बघतही नाही. म्हणून पहिल्या महिन्यांत झोळी बाळाला रमवायला, तीही मोठे माणूस समोर असताना. डोळा लागला की उचलून सपाट गादीवर ठेवायचे. रात्रीसाठी झोळी नको.

विजेवर आपोआप हलणारे झुले आणि पाठ उंचावणाऱ्या आरामखुर्च्या यांनाही हेच लागू आहे. अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीने अशी तिरकी बाळखाट दहा वर्षे विकली. त्यात तीसहून अधिक बाळे दगावल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली सुमारे ४७ लाख नग परत बोलवावे लागले. पुढे २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला. दहा अंशांपेक्षा अधिक उताराच्या बाळखाटा आणि कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्या, दोन्ही विकायला बंदी आली. आपल्या दुकानांत ही दोन्ही अजून दिमाखात मांडलेली दिसतात. खाटेला जोडायच्या काही पाळण्यांतही डोक्याकडची बाजू उंच करण्याची सोय असते, 'दूध वर येऊ नये म्हणून'. त्याने दूध वर येणे थांबत नाही, बाळ मात्र खाली घसरते. ती सोय असली तरी वापरू नये. दोन्हीकडचे पाय एकाच खाचेत ठेवावेत.

गादी कशी असावी? कठीण. पंजा दाबून उचलला की खळगा उरता कामा नये. नव्या कापसाची फुगीर गादी आपल्याला कितीही सुखाची वाटली तरी तान्ह्याला नको. काथ्याची किंवा घट्ट फोमची पातळ गादी बरी. पाळण्याबरोबर आली असेल तीच वापरावी. 'फारच पातळ आहे हो' म्हणून वर दुसरी घालू नये, कारण मग कडेला फट पडते आणि कठडाही बुटका होतो. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त जागा नसावी. गादीला आलेले पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन काढून टाकावे. मेणकापड घालायचे तर ते गादीवर ताणून, वरून घट्ट चादर खोचून. लाकडी गज असतील तर दोन गजांमधले अंतर सुमारे सहा सेंटिमीटरच्या आत हवे. चार बोटे एकमेकांना चिकटवून आरपार गेली तर ते जास्त आहे.

आणि गादीवर बाळाखेरीज काही नको. ही गोष्ट घरोघरी सर्वांत अवघड जाते, कारण बाळंतविड्यात आलेले सगळे तिथेच मांडलेले असते: लोड, तक्के, कापडी ससे, रजई, आणि डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी. उशी कितीही पातळ असली तरी ती डोके पुढे ढकलते आणि हनुवटी पुन्हा छातीकडे जाते. डोक्याचा आकार उशीशिवायही वर्षभरात सुधारतो. काळा दोरा बांधायचाच तर मनगटात किंवा पायात बांधा, गळ्यात मुळीच नको.

आता पत्रातल्या मुख्य शंकेकडे, म्हणजे उघड्या बाजूकडे. बाळ तिथून पलंगावर पडेल ही भीती फारशी खरी नाही. तान्हे बाळ सरकत सरकत तेवढे जात नाही. खरी भीती आहे ती पाळणा आणि पलंग यांच्यामधल्या फटीची. दुकानात पाळणा कसा आहे एवढेच दिसते. तुमच्या पलंगाला तो कसा बसतो ते घरी लावल्यावरच कळते. खोक्यावर परदेशी मानकाचा क्रमांक छापलेला असेल तर उत्तमच, पण तुमचा पलंग त्या प्रयोगशाळेत गेलेला नसतो.

हे पाळणे उघड्या पायांच्या पलंगासाठी बनवलेले असतात. पाळण्याचे पाय पलंगाखाली सरकतात आणि त्याचे पट्टे मोठ्या गादीखालून नेऊन पलंगाच्या पलीकडच्या बाजूला आवळायचे असतात. आपल्याकडे हल्ली सामान ठेवायच्या पेटीचे पलंग फार. त्यांच्या फळ्या जमिनीपर्यंत आलेल्या, त्यामुळे पाळण्याचे पाय आत जात नाहीत आणि मध्ये चार बोटे अंतर उरते. मग कोणी त्यात उशी खुपसते, कोणी गोधडीची घडी. माझ्याकडे एका बाळाला असेच धावत आणले होते. गोधडी रात्री खाली बसली, बाळाचे अंग त्या खोबणीत गेले आणि गाल फळीला दाबला गेला. आई लघवीला उठली म्हणून दिसले. बाळ वाचले, आता शाळेत जाते. पण फट भरून काढायची नसते, ती असताच कामा नये, हे त्या घरातले सगळे आता दुसऱ्यांना सांगतात.

तेव्हा बाळ यायच्या आधी, दिवसाउजेडी, घरातल्या दोघांनी मिळून पाळणा लावून पाहावा. दोन्ही गाद्यांची पातळी मिळते का? मिळत नसेल तर पाळण्याच्या पायांच्या खाचा बदलाव्यात. पायाखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवू नयेत. पट्टे आवळल्यावर बाळंतीण जशी बसेल, उठेल, कूस बदलेल, तसे एका मोठ्या माणसाने पलंगावर दहा वेळा करावे आणि मग फट पडली का ते पाहावे. पुष्कळदा पट्टे पहिल्या दिवशी घट्ट असतात आणि आठवड्यात ढिले होतात. म्हणून रोज रात्री एकदा हात फिरवून बघायचे. उतरवलेल्या बाजूलाही चार-पाच बोटांचा काठ असावा, म्हणजे आईचे पांघरूण बाळावर घसरत नाही. आणि हे सगळे जुळतच नसेल, तर सोपा उपाय आहे. चौथी बाजू वर करून कुलूपबंद करा आणि पाळणा पलंगापासून हातभर दूर, सुटा ठेवा. जावयांचा मानही राहील आणि बाळही आईजवळच राहील. हे सांगायला कचरू नका.

ज्यांच्याकडे पलंगच नाही, आई जमिनीवर अंथरूण घालून निजते, त्यांनी यासाठी पैसे खर्चू नयेत. आईच्या एका अंगाला बाळाची छोटी, कठीण, वेगळी गादी घाला. बाळ आई-वडिलांच्या मध्ये नको, भिंतीला लागूनही नको, आणि आईचे पांघरूण त्याच्यावर यायला नको. न्यूझीलंडमधील माओरी लोक गेली वीसएक वर्षे बाळासाठी पात्यांची विणलेली उथळ परडी वापरतात. आईच्याच अंथरुणावर ती ठेवायची, आत पातळ गादी. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांनीही तिचा पुरस्कार केला, कारण आईपासून तोडून बाळ निजवा असे सांगून कोणी ऐकत नव्हते.

रात्री पाजताना आईला झोप लागते, ती लागणारच. त्या भीतीने उठून सोफ्यावर बसून पाजणे अधिक धोक्याचे; सोफ्याच्या सांदीत बाळ अडकते. त्यापेक्षा पलंगावरच पाजावे, आजूबाजूच्या उशा आधी दूर कराव्यात, आणि जाग आली की बाळाला परत त्याच्या गादीवर ठेवावे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर मात्र एका अंथरुणात अजिबात झोपवू नये. अशा बाळाला आईच्या छातीशी उघडे धरण्याची पद्धत फार चांगली, पण ती आई जागी असताना आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे.

पाळणा ठेवायची जागाही पाहावी. खिडकीचे पडदे, त्यांच्या दोऱ्या, मोबाइलच्या चार्जरची तार, काहीही बाळाच्या हाताच्या टप्प्यात नको. डासांसाठी मच्छरदाणी हवीच. ती ताणून बांधलेली असावी, सैल होऊन तोंडावर येणारी नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर बाळ आणि बाळंतीण दोघींच्या जिवाशी खेळ आहे. त्या विषारी वायूला वासही नसतो. शेक घ्यायचा तर दार उघडे ठेवून, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. घरात झोपवताना बाळाला टोपडे, कुंची, मोजे असे सगळे एकदम नको. आपल्या अंगावर जितके कपडे, त्याहून एखादा जास्त पुरे. मानेला मागून हात लावून पाहावा. घाम असेल तर एक कपडा कमी करावा.

हा पाळणा फार दिवसांचा सोबती नाही. बाळ कुशीवर वळू लागले, हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले, की उघड्या बाजूचा पाळणा बंद. साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास ही वेळ येते, एखाद्या चपळ बाळाची चौथ्यातच. माहितीपत्रकातली वजनाची मर्यादा अजून गाठलेली नसली तरी थांबू नये. मग उंच कठड्याचा चार बाजू बंद असलेला पाळणा किंवा सरळ जमिनीवरची गादी, जे घरात असेल ते वापरावे.