दोन दिवसांची मुंबई

"डॉक्टर, दोनच दिवस मुंबईला चाललोय. गोळ्या आल्यावर सुरू केल्या तर चालतील ना?" हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. नात्यातले लग्न, मुलाची मुलाखत, नाहीतर परळला टाटा किंवा केईएममध्ये असलेल्या पेशंटला भेटणे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचे, पळापळ करायची आणि परतायचे. उत्तर एकच: चालणार नाहीत. रक्तदाबाला सुट्टी नसते.

विशेषतः लघवी होण्याची गोळी लोक प्रवासात गुपचूप बंद करतात. अडचण खरी आहे, पण हृदयविकाराच्या पेशंटला त्यामुळे धाप लागू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषधे चिठ्ठीसह खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत, सीटखालच्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नये. लग्नाच्या पंगतीचा भरवसा नसतो. खिशात साखरेची पुडी हवीच.

मुंबईची हवा दमट असल्याने घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. आपल्या रंकाळ्यावरच्या वाऱ्याची सवय असलेला माणूस तिथे लवकर थकतो. पाणी वरचेवर प्यावे (किडनी वा हृदयाच्या पेशंटनी सांगितले असेल तेवढेच). सकाळच्या गर्दीच्या वेळी वयस्कर माणसाला घेऊन लोकलमध्ये शिरण्याचे धाडस करू नये.

पावसाळ्यात जाणार असाल तर मात्र नीट ऐका. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा जंतू उंदरांच्या मुतातून तुंबलेल्या पाण्यात येतो आणि पायावरच्या बारीक जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. भेगा तर आपल्याकडे घरोघरी. अशा पाण्यातून चालावेच लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि 24 ते 72 तासांत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक गोळी मिळते, पण ती मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना औषध वेगळे असते.

खरी गोम पुढे आहे. लेप्टोचा ताप बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो, कधी महिन्यानेसुद्धा. मलेरियालाही आठवडा-दोन आठवडे, कधी जास्त लागतात. म्हणजे डास चावतो मुंबईत आणि हुडहुडी भरते कोल्हापुरात! तोवर प्रवास विसरलेला असतो आणि ताप 'व्हायरल' म्हणून अंगावर काढला जातो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ दिसणे, लघवी कमी होणे, यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि "पंधरा दिवसांपूर्वी मुंबईला गेलो होतो, पाण्यातून चाललो होतो" हे न विचारता सांगावे. तापाला पॅरासिटॅमॉल पुरे. अंगदुखीच्या इतर गोळ्या रक्ततपासणी होईपर्यंत घेऊ नयेत, त्या किडनीला जड जाऊ शकतात.