अफवेचे बिल



जिभेला हाड नसते, असे आपली जुनी माणसे म्हणत. पण सैल सुटलेल्या जिभेचे बिल केवढे येते, याचा अमेरिकेतला एक दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

एरियल, टाइड ही धुण्याची पावडर आपल्या ओळखीची. ती बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी १८३७ सालची. तिचे जुने बोधचिन्ह म्हणजे चंद्रकोरीतला दाढीवाला आणि तेरा तारे. तारे होते अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहतींचे. पण १९८० नंतर कुणीतरी कंडी पिकवली, की हे चिन्ह सैतानाचे आणि कंपनीचा नफा सैतानाच्या पंथाला जातो! खुलासे करून थकलेल्या कंपनीने १९८५ मध्ये मालाच्या वेष्टनावरून ते चिन्ह काढूनच टाकले.

तरी अफवा मेली नाही. १९९५ मध्ये ॲमवे या स्पर्धक कंपनीचा माल विकणाऱ्या काही वितरकांनी तीच गोष्ट टेलिफोनवरच्या निरोप-यंत्रणेतून पुढे पाठवली. एकाने निरोप ठेवायचा, दुसऱ्याने तो आणखी पुढे सरकवायचा. आज मोबाईलच्या ग्रुपवर चालते तसेच. नंतर त्यांनी निरोप मागेही घेतला. पण पाणी वाफ्यावाफ्यातून फिरल्यावर पाटाचे दार बांधून काय उपयोग?

कंपनीने दावा लावला. खालच्या कोर्टाने तो काढून टाकला, वरच्या कोर्टाने पुन्हा उभा केला. शेवटी मार्च २००७ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील ज्यूरीने चार माजी वितरकांवर १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर भरपाई बसवली. त्या वेळच्या भावाने ऐंशी कोटी रुपयांच्या वर! गोष्ट त्यांनी रचलेली नव्हती, नुसती पुढे ढकलली होती. तरीही बोजा त्यांच्यावरच पडला.

आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. तो एका वर्षाच्या आत लावावा लागतो. मात्र लोकहितासाठी खरे सांगणे ही बदनामी नव्हे, असे तेच कलम म्हणते. वजनकाटा, उतारा, ऊसदर यांबद्दल सभासदाने सभेत उठून जरूर विचारावे, तो त्याचा हक्कच आहे. पण अमक्याच्या खतात भेसळ, तमक्याची रोपे रोगट, असले निरोप खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नयेत. बोट लावायला पैसा पडत नाही. बिल मात्र बोट लावणाऱ्याच्याच नावावर निघते.