अक्षरांचे ओझे

बर्फावर खेळल्या जाणाऱ्या आइस हॉकीत खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण ते एक मिनिट मैदानावर असतो. तो दमण्यापूर्वी त्याला बाहेर बोलावून ताज्या दमाचा खेळाडू आत सोडावा लागतो. कोणी केव्हा उतरायचे, हा निर्णय क्षणोक्षणी घेतो तो बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक. कॅनडाचे झाक डेमेर्स यांनी नॅशनल हॉकी लीगमधील हजाराहून अधिक सामन्यांत ही जबाबदारी पेलली. डेट्रॉइटच्या संघाला वर काढल्याबद्दल १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन वर्षे त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार लाभला. १९९३ मध्ये त्यांच्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने जादा वेळेत गेलेले दहा सामने ओळीने जिंकत स्टॅन्ली चषक पटकावला.

या साऱ्या काळात डेमेर्स यांना धड लिहिता-वाचता येत नव्हते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून त्यांनीच ही गोष्ट जगाला सांगितली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यांचा जन्म १९४४ मध्ये मॉन्ट्रियल येथे एका गरीब कुटुंबात झाला. वडील मद्यपी होते. ते मुलाला आणि त्याच्या आईला मारहाण करीत. अशा घरातून शाळेत जाणाऱ्या मुलाचे चित्त धड्यावर कसे ठरावे? आपल्याला अक्षरओळख झाली नाही याचे मूळ त्या भयात आहे, असे डेमेर्स सांगत आले. शाळा सुटली. तरुणपणी त्यांनी शीतपेये पोहोचविणारी गाडी चालविली आणि तेथून ते प्रशिक्षणाकडे वळले. पुढे पत्रे समोर आली की ती ते सहकाऱ्यांकडून वाचून घेत आणि आपले इंग्रजी कच्चे असल्याचे कारण पुढे करीत. मातृभाषा फ्रेंच असल्याने ते कोणाला खोटेही वाटत नसे.

भय वाटते तेव्हा शरीर स्वसंरक्षणासाठी सज्ज होते: हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात, झोप उडते. संकट टळल्यावर हा ताण ओसरावा, अशी निसर्गाची योजना आहे. मात्र घरातच भय असेल, किंवा गुपित उघडे पडण्याची धास्ती रोज बाळगावी लागत असेल, तर तो ओसरण्यास अवसरच मिळत नाही. एकाग्रता आणि स्मरण यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून मूल वाचनात मागे पडत असेल तर त्याला आळशी ठरविण्याआधी त्याची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. अक्षरे ओळखण्यात उपजत अडचण आहे का, हे तज्ज्ञांकडून पाहावे. आणि घरातील आवाज किती चढलेले असतात, याचाही पालकांनी प्रामाणिकपणे विचार करावा.

गुपित उघड केल्यावर डेमेर्स यांची प्रतिष्ठा ढळली नाही. ते साक्षरतेविषयी जाहीरपणे बोलू लागले आणि २००९ मध्ये कॅनडाच्या सिनेटवर त्यांची नियुक्ती झाली. मात्र २०१६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांच्या वाणीवर आघात झाला. ज्या मनुष्याने सारे आयुष्य बोलण्याच्या बळावर उभे केले, त्याला शब्दांसाठी झगडावे लागले. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या व्यक्तीची समज अनेकदा शाबूत असते. वाचोपचार आणि घरच्यांचा धीर यांनी पुष्कळ सुधारणा होऊ शकते. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आपल्या घरातही बँकेचा अर्ज समोर येताच ‘चष्मा घरी राहिला’ म्हणणारी एखादी काकू किंवा एखादे आजोबा असतील. त्यांची थट्टा न करता शेजारी बसावे आणि अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांची इच्छा दिसली, तर दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिलही आणावी.