ड्रायर तापत नाही? आधी हवेची वाट तपासा

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात. कुबट वास नको म्हणून अनेक घरांत आता ड्रायर येतो आणि त्यामागोमाग तक्रारी येतात : ‘तापतच नाही’, ‘बिल फार येतं’. या दोन्हींचं मूळ बऱ्याचदा कपड्यांत उरलेल्या पाण्यात आणि अडलेल्या हवेत असतं.

गैरसमज : सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमधून गरम हवा येत नाही, म्हणजे तो बिघडला.
वस्तुस्थिती : त्या टबात सहसा हीटर नसतोच. टब वेगाने फिरतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. कपडे ओलसरच निघणार. गरम हवेने वाळवणारा टंबल ड्रायर हे वेगळं यंत्र आहे.

गैरसमज : ड्रम फिरतो पण तापत नाही, म्हणजे कॉइल जळाली.
वस्तुस्थिती : कॉइल जळू शकते, पण आधी हवेची वाट बघा. कपड्यांचे सुटे तंतू जाळीवर आणि हवा बाहेर नेणाऱ्या पाइपात साठले की हवा अडते, हीटरभोवतीचं तापमान वाढतं आणि थर्मल फ्यूज उडतो. अनेक मॉडेलांत त्यानंतर मोटर चालू राहते, फक्त हीटर बंद होतो. पाइप न साफ करता फ्यूज बदलला, तर नवाही उडेल. फ्यूज वगळून थेट वायर तर कधीच जोडू देऊ नका. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या नोंदींनुसार घरातल्या ड्रायरच्या आगींचं प्रमुख कारण साफसफाई न करणं हेच आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी आणखी एक गोष्ट बघावी. तिथल्या इलेक्ट्रिक ड्रायरचा हीटर साधारणपणे 240 व्होल्टवर चालतो, मोटर मात्र 120 वर. जोड ब्रेकरची एक बाजू गेली, तरी ड्रम फिरत राहू शकतो, फक्त हीटर तापत नाही.

गैरसमज : जाळी स्वच्छ दिसते, म्हणजे हवा मोकळी आहे.
वस्तुस्थिती : सुवासिक ड्रायर शीटचा मेणचट थर जाळीवर बसतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा.

गैरसमज : तापमान वाढवलं की वीज वाचते.
वस्तुस्थिती : खरा खर्च पाण्याची वाफ करण्याचा आहे. एका लिटरला सुमारे 0.67 युनिट लागतं. मिनिटाला 1,000 फेऱ्यांच्या स्पिननंतरही 5 किलो सुती कपड्यांत जवळपास 3 लिटर पाणी उरतं. म्हणजे साध्या ड्रायरला किमान 2 युनिट, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. 1,400 फेऱ्यांना त्यातलं साधारण अर्धा लिटर आधीच निघून जातं आणि त्या स्पिनची वीज अगदी किरकोळ असते.

गैरसमज : हीट पंप ड्रायर कमी तापतो, म्हणून तो कुचकामी.
वस्तुस्थिती : तो मुद्दामच कमी तापमानावर चालतो. वाफेचं पुन्हा पाणी होताना सुटणारी उष्णता तो परत वापरतो, त्यामुळे साध्या ड्रायरच्या जवळपास निम्म्या विजेत काम होतं. वेळ आणि किंमत जास्त, पण कपड्यांना उष्णतेचा त्रास कमी.

तेव्हा प्लग काढून जाळी धुवा, पाइप साफ करा, कपडे जास्त वेगाने पिळा. तरीही ड्रायर तापला नाही, तर टेक्निशियनला बोलवा. फ्यूज उडालेला निघाला, तर तो का उडाला हे त्याच्याकडून समजून घेतल्याशिवाय नवा बसवू नका.